तक्ते पाठ आहेत, पण तोंडातून मराठी येत नाही : प्रौढांच्या वर्गासाठी टास्क कसे आखायचे?

वेलांटी

नमस्कार. पुण्यातल्या अमराठी प्रौढांच्या मराठी वर्गाबद्दल विचारायचं आहे. चौदा जण आहेत, बहुतेक बँकेत नाहीतर आयटीत नोकरी करणारे. आठ हिंदी भाषक, तीन तमिळ, दोन तेलुगू, एक गुजराती. आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी ९० मिनिटं, एकूण १६ तासिका. त्यातल्या सहा झाल्या. सर्वनामं, लिंग-वचन, वर्तमान आणि भूतकाळ, विभक्तीचे प्रत्यय एवढं शिकवून झालंय. रिकाम्या जागा सगळे बिनचूक भरतात, पण भाजीवालीसमोर उभे राहिले की दुसऱ्या वाक्याला हिंदीवर येतात.

उरलेल्या दहा तासिका टास्क देऊन घ्यायच्या आहेत. या विषयावर वाचायला मिळतं ते जवळपास सगळं इंग्रजी शिकवण्याबद्दल. मराठीसाठी टास्क नेमका कसा बांधायचा, ९० मिनिटं कशी वाटायची, आणि व्याकरण कुठे बसवायचं? टास्क चालू असताना चुका सुधारायच्या की नाही, यावरही मतं हवी आहेत. कृपया शक्य तितकं तपशिलात सांगा.

पाटीपेन्सिल

आधी शब्द नीट करू. 'बाजारात भाजी घेताना होणारा संवाद म्हणा' हा टास्क नाही, ते पाठांतर. 'हवा, हवी, हवं वापरून पाच वाक्यं तयार करा' हाही टास्क नाही, तो सराव. शाळांमध्ये कृतिपत्रिकेमुळे 'कृती' शब्द वेगळ्याच अर्थाने रुजलाय, म्हणून इथे टास्कच म्हणू. टास्कमध्ये विद्यार्थ्याला भाषेबाहेरचं काहीतरी साधायचं असतं: बिल जुळवायचं, भेटीची वेळ ठरवायची, कुठलं घर भाड्याने घ्यायचं ते ठरवायचं. आणि ते साधायला लागणारी माहिती एकाच माणसाकडे नसते.

ही पद्धत काही परक्या जमिनीतली नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांमध्ये इंग्रजीचे वर्ग याच तत्त्वावर चालवले होते. मोठे वर्ग, साधा फळा-खडू, आणि हातात रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा. टास्कमध्ये तीन प्रकारची दरी असू शकते, ही त्यांची वर्गवारी आजही कामाला येते. माहितीची दरी म्हणजे तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही. तर्काची दरी म्हणजे माहिती समोर आहे, पण निष्कर्ष काढावा लागतो. मताची दरी म्हणजे उत्तर प्रत्येकाचं वेगळं. तुमच्या वर्गाला सुरुवात माहितीच्या दरीने करा. मताच्या दरीचे टास्क शेवटच्या तीन-चार तासिकांत, कारण त्यात बोलणं लांबतं, शब्द कमी पडतात आणि हिंदी आत शिरते.

आता एक टास्क पूर्ण मांडतो. जोड्या करा. एक गिऱ्हाईक, एक विक्रेता. प्रत्येकाला वेगळं कार्ड, दुसऱ्याचं बघायचं नाही.

गिऱ्हाइकाचं कार्ड : जवळ २०० रुपये आहेत. रात्री सहा माणसं जेवायला. हवं ते : मेथी २ जुड्या, टोमॅटो १ किलो, कांदे दीड किलो, थोडं आलं, लिंबं ४, कोथिंबीर १ जुडी. कोथिंबिरीशिवाय घरी जायचं नाही.

विक्रेत्याचं कार्ड : मेथी २५ रुपये जुडी, एकच जुडी उरली आहे. पालक १५ रुपये जुडी. टोमॅटो ५० रुपये किलो, पण चांगले फक्त अर्धा किलो आहेत. कांदे ४० रुपये किलो, अडीच किलो घेतले तर ९० ला. आलं पाव किलो ४० रुपये, त्याहून कमी देत नाही. लिंबं दहाला तीन, सुटं एक देत नाही. कोथिंबीर २० रुपये जुडी. भाव कमी करायचा नाही.

हिशेब बघा. मेथी एक आणि बदली पालक एक मिळून ४०, टोमॅटो २५, कांदे ६०, आलं ४०, सहा लिंबं २०, कोथिंबीर २०. बेरीज २०५ होते, पाच रुपये कमी पडतात. चौथ्या लिंबाचा हट्ट सोडला की १९५ मध्ये बसतं. हा पाच रुपयांचा अडसर मुद्दाम ठेवलाय. तो नसेल तर 'टोमॅटो? पन्नास. द्या.' एवढ्यावर काम उरकतं. अडसर असला की 'मग तीनच द्या', 'मेथी नसेल तर पालक चालेल', 'एवढं आलं नको' अशी वाक्यं लागतातच.

बिल जुळलं की काम संपलं असं नाही. जोडीने वर्गाला सांगायचं की काय घेतलं, काय सोडलं, किती उरले. या अहवालासाठी भाज्या लिंग बघून निवडल्या आहेत. मेथी घेतली, पालक घेतला, आलं घेतलं, टोमॅटो घेतले, लिंबं तीनच घेतली. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, हे तुम्ही तक्त्यात शिकवलंयच. इथे एका अहवालात तिन्ही लिंगं आणि दोन्ही वचनं तोंडातून काढावी लागतात. हिंदी भाषकांना 'मेथी घेतली' जमेल, त्यांच्या भाषेत तशी सोय आहे. ते अडतील आलं आणि लिंबावर, कारण नपुंसकलिंग त्यांच्याकडे नाही. तमिळ आणि तेलुगू भाषकांकडे ही रचनाच नाही, ते 'मी मेथी घेतलो' म्हणतील. कोण कुठे अडखळणार ते आधी माहीत असलं की कान तिथे लावता येतो.

वेळेची वाटणी. पहिली १५ मिनिटं पूर्वतयारी : तुम्ही स्वतः विक्रेता व्हा, अख्खा वर्ग गिऱ्हाईक, भाज्या आणि भाव वेगळे. जुडी, पावशेर, सुट्टे, 'कसं दिलं?', 'जरा निवडून द्या' हे शब्द इथेच कानावरून जाऊ द्या. शब्दांची यादी फळ्यावर आधी लिहू नका, बोलण्याच्या ओघात जो शब्द लागेल तो लिहा. मग १२ मिनिटं टास्क. १० मिनिटं अहवालाची तयारी, त्यात जोडी काय सांगायचं ते बोलून ठरवते आणि तुम्ही फिरून मदत करता. १५ मिनिटं अहवाल. सातही जोड्यांना ऐकू नका, चार पुरे. बाकीच्यांनी ऐकताना कोणाचं बिल सर्वांत कमी झालं ते टिपायचं, नाहीतर कोणी ऐकत नाही. मग २० ते २२ मिनिटं भाषेकडे बघणं. उरलेल्या १२-१५ मिनिटांत तोच टास्क नवीन जोडीदाराबरोबर, भूमिका उलट, भाव बदललेले.

टास्क, अहवालाची तयारी, अहवाल आणि शेवटी भाषेचं विश्लेषण हा क्रम टास्क-पद्धतीवर लिहिणाऱ्या जेन विलिस यांनी १९९६ मध्ये मांडला. तो तसाच घेतलाय. पुनरावृत्ती मात्र कधीही गाळू नका. दुसऱ्या फेरीत माणसाला काय म्हणायचंय ते ठाऊक असतं, म्हणून कसं म्हणायचं याकडे लक्ष द्यायला डोक्यात जागा होते.

चुकांबद्दल : टास्क चालू असताना सुधारू नका. अर्थच कळेनासा झाला तर बरोबर रूप वापरून प्रतिप्रश्न विचारा. 'मी मेथी घेतलो' ऐकलं तर 'मेथी घेतली? आणि पालक?' एवढंच. कागदावर टिपत राहा. भाषेच्या वेळेला वर्गात खरोखर बोलली गेलेली सहा-सात वाक्यं फळ्यावर लिहा, त्यात दोन-तीन बरोबर असलेली, कोणाचंही नाव न घेता. दुरुस्त विद्यार्थ्यांनाच करू द्या.

रुकार

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भर घालतो ती हिंदीबद्दल, कारण महाराष्ट्रातल्या मराठीच्या वर्गात टास्क कोसळतो तो जवळजवळ नेहमी त्याच जागी. इंग्रजीच्या वर्गात मुलं मातृभाषेकडे वळतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे चौदांपैकी बहुतेकांना समजणारी तिसरी भाषा आयती आहे, आणि बाहेरचा मराठी माणूसही त्यांना तीच देतो.

बंदी घालून किंवा दंड लावून उपयोग होत नाही, माणसं गप्प बसतात. हिंदी कुठल्या क्षणी येते ते बघा. एक म्हणजे कार्ड समजून घेताना. तिथे येऊ द्या, दोन मिनिटं, त्याने बिघडत नाही. दुसरा क्षण अडल्यावर. त्यासाठी पाच वाक्यं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा : 'पुन्हा सांगा', 'जरा हळू', 'म्हणजे?', 'याला मराठीत काय म्हणतात?', 'मला कळलं नाही'. अडलेलं बोलणं ही पाच वाक्यं पुढे नेतात, आणि टास्कमधलं सगळ्यात खरं बोलणं तिथेच होतं. तिसरा क्षण घाईचा. वेळ संपत आली की दोघं हिंदीत उरकून टाकतात. म्हणून टास्कला घड्याळ लावून स्पर्धा करू नका. 'कोण आधी' हा प्रश्न विचारलात की मराठी पहिली बाहेर जाते.

जोड्या जुळवताना हिंदी भाषक आणि हिंदी कच्चं असलेला तमिळ किंवा तेलुगू भाषक एकत्र बसवा. दोघांना समान अशी सोयीची भाषा मराठीच उरते. इंग्रजी उरतेच म्हणा, पण भाजीचा भाव इंग्रजीत करताना त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

जोड्यांना समोरासमोर बसवू नका. पाठीला पाठ, किंवा दोन टोकांना उभं करून फोनवर. समोर बसले की बोटाने दाखवतात, कार्ड फिरवून दाखवतात, आणि तीन मिनिटांत 'झालं' म्हणतात. कार्डं वेगळ्या रंगाच्या कागदांवर छापा, म्हणजे कोणी दुसऱ्याचं उचललं तर लांबूनही दिसतं.

आणखी एक. बाहेरच्या जगात वापरायला एक वाक्य पहिल्याच आठवड्यात पक्कं करून द्या : 'मी मराठी शिकतोय, माझ्याशी मराठीतच बोला.' बायकांसाठी 'शिकतेय'. हे वाक्य नसेल तर भाजीवाली दुसऱ्या वाक्याला हिंदीवर येणारच. तिला मदतच करायची असते.

काना_मात्रा

एका मुद्द्यावर मी वेगळं म्हणेन. व्याकरण सगळं टास्कनंतर, हे मराठीला जसंच्या तसं लागू होत नाही. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येतं आणि नाम बदलत नाही. मराठीत नामाचं सामान्यरूप (पुढे काही जोडण्याआधी नामाचं होणारं बदललेलं रूप, जसं रस्ता-रस्त्या) झाल्याशिवाय 'वर, खाली, समोर, जवळ' काहीच लागत नाही. हे आधी न सांगता पत्ता सांगण्याचा टास्क दिलात तर तास संपेपर्यंत 'रस्तावर, शाळाजवळ, दवाखानासमोर' घटवलं जाईल. जोडीदारही तेच ऐकेल आणि तेच शिकेल. प्रभूंनाही गटकामाबद्दल हीच शंका होती. विद्यार्थी एकमेकांची कच्ची भाषा ऐकून ती घट्ट करतील म्हणून त्यांच्या वर्गात शिक्षक आणि सगळा वर्ग यांच्यातल्या बोलण्यावर भर असे.

माझं मत : सामान्यरूपासाठी टास्कच्या आधी आठ-दहा मिनिटं सरळ शिकवा. उरलेलं व्याकरण हवं तर नंतर.

पाटीपेन्सिल

@काना_मात्रा, शंका रास्त आहे. पण आधी नियम सांगून झाल्यावर लोक टास्क करताना नियमच आठवत बसतात, बोलणं थांबतं. वेलांटी यांच्या वर्गात प्रत्यय शिकवून झालेत, तरी अडचण तीच आहे ना? मधला रस्ता आहे, तो शब्दांच्या निवडीतून जातो.

नकाशाचा टास्क घ्या. गल्लीचे दोन नकाशे, प्रत्येकात बारा ठिकाणं, त्यातली पाच वेगळ्या जागी. न दाखवता पाच फरक शोधायचे. पहिल्या नकाशात फक्त तीन साच्यांतली नामं घाला. आकारान्त पुल्लिंगी : रस्ता, दवाखाना, ओटा, जिना (रस्त्यावर, दवाखान्यासमोर, ओट्यावर, जिन्याखाली). व्यंजनान्त पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी : चौक, पिंपळ, दुकान, झाड (चौकात, पिंपळाखाली, दुकानासमोर, झाडाजवळ). आकारान्त स्त्रीलिंगी : शाळा, पायवाट नको, शाखा चालेल म्हणजे बँकेची शाखा (शाळेजवळ, शाखेसमोर).

पायवाट 'नको' का, तर व्यंजनान्त स्त्रीलिंगी नामं दोन वाटांनी जातात. बाग-बागेत, वाट-वाटेत, पण विहीर-विहिरीत, भिंत-भिंतीवर. शब्दाकडे बघून कोणती वाट ते नवशिक्याला कळायला मार्ग नाही. देऊळ-देवळात, पूल-पुलाखाली असे मधूनच बदलणारे शब्दही दुसऱ्या नकाशासाठी राखून ठेवा. नकाशे तयार करणारे बहुतेक जण हौसेने देऊळ, विहीर, पूल, बाग सगळं एकाच चित्रात कोंबतात आणि मग विद्यार्थ्यांना वाटतं मराठीला नियमच नाही.

पूर्वतयारीत तुमचा स्वतःचा नकाशा फळ्यावर काढून त्याबद्दल दहा-बारा वाक्यं नुसती बोला, वर्गाने ठिकाणं भरायची. 'दवाखान्यासमोर दुकान आहे. दुकानाच्या डावीकडे जिना आहे. जिन्याखाली सायकल आहे.' सगळी रूपं कानावर पडतात, नियम न सांगता. हे शिक्षकाचं बोलणं प्रभूंच्या रीतीला धरूनच आहे. नकाशावर नाव मात्र मूळ रूपातच छापा : 'दवाखाना', 'शाळा'. म्हणजे बदल करायचं काम बोलणाऱ्याचं राहतं. टास्कनंतर फळ्यावर तीन रकाने काढा, मथळे देऊ नका, शब्द मिसळून द्या आणि त्यांनाच रकान्यांत टाकायला सांगा. वर्गाने काढलेला नियम मग तुम्ही शब्दांत मांडा. यात तुमची आठ-दहा मिनिटं जातातच, फक्त जागा बदलते.

काना_मात्रा

हे पटलं. कानावर आधी पडत असेल तर माझी हरकत नाही. पहिल्या नकाशात विहीर टाकायची नाही हा मुद्दा तर लिहून ठेवण्याजोगा. एक जोड देतो : 'शाळेच्या जवळ' आणि 'शाळेजवळ' दोन्ही बरोबर धरा. सुरुवातीला 'च्या' मध्ये घातल्याने बोलणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

सव्वापावणे

आकडे आणि वेळ यांवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. भाषा येते की नाही याची परीक्षा खऱ्या आयुष्यात भाव आणि वेळ यांवरच होते.

रोजनिशीचा टास्क करा. दोघांकडे एकाच आठवड्याच्या वेगवेगळ्या रोजनिश्या, बऱ्याच वेळा भरलेल्या. सव्वा तासाची एक भेट ठरवायची आहे. दोन्ही रोजनिश्यांत मिळून एकच जागा मोकळी ठेवा, समजा शुक्रवारी पावणेदहा ते अकरा. बाकी वेळा अशा भरा की दीड, अडीच, साडेचार, सव्वानऊ, पावणेआठ सगळं बोलावं लागेल. कार्डावर वेळ आकड्यांत लिहा, ९:४५ अशी. शब्दांत लिहिलीत तर वाचून दाखवतात.

इथे तमिळ भाषक हमखास घसरतात. त्यांच्या भाषेत ९:४५ ला 'नऊ आणि पाऊण' अशा धर्तीवर म्हणतात, म्हणजे नाव होऊन गेलेल्या तासाचं. मराठीत नाव येणाऱ्या तासाचं, त्यामुळे 'पावणेदहा' ऐकलं की ते दहा वाजून काहीतरी लिहितात. हिंदी आणि गुजराती भाषकांना सव्वा, पावणे, दीड, अडीच घरचंच. उलट 'काल' आणि 'उद्या' यांत गोंधळतो तो हिंदी भाषक, कारण त्याचा 'कल' दोन्हीकडे चालतो. 'मी काल येतो' हे त्याचंच वाक्य. 'परवा' त्याला जमतो, 'परसों'सारखाच दोन्हीकडे जाणारा शब्द. तमिळ भाषकाकडे त्याला दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून 'परवा भेटलो' आणि 'परवा भेटू' हे त्याला जोडीने ऐकवावं लागतं. म्हणजे या टास्कमध्ये हिंदी आणि तमिळ भाषकांची जोडी लावलीत तर दोघंही एकमेकांना काहीतरी देतात.

आपण आणि आम्ही यांचंही असंच. तमिळ, तेलुगू आणि गुजरातीत हा भेद आहे, हिंदीत नाही. शनिवारी कुठे जायचं ते चौघांनी मिळून ठरवायचा टास्क दिला की हिंदी भाषक 'आम्ही सिंहगडला जाऊ या' म्हणतो आणि बाकीच्यांना वाटतं हा आपल्याला सोडून चाललाय. हा गैरसमज टास्कमध्ये होऊ द्या, तेवढा एकदा झाला की भेद कायमचा लक्षात राहतो.

आकड्यांपैकी एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ ही ओळ सगळ्यांना जड. त्यातही पंचेचाळीस आणि चोपन्न, पंचवीस आणि बावन्न अशा उलटसुलट जोड्या. पहिल्या टास्कमध्ये भाव पाचाच्या पटीत ठेवा (वरच्या कार्डात तसेच आहेत, छान), तिसऱ्या-चौथ्या तासिकेपासून ३९, ४९, ६९ आणा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीतही दिली होती. शाळेत काय असावं हा वाद वेगळा, पण प्रौढांच्या वर्गात बोलताना 'साठ नऊ' खुशाल चालवून घ्या. ऐकताना मात्र 'एकोणसत्तर' कळलंच पाहिजे, कारण बाजारात दुसरं काही ऐकू येणार नाही. म्हणून विक्रेत्याची भूमिका कधी तुम्ही स्वतः करा.

एक छोटी गोष्ट 'हवं' आणि 'पाहिजे'बद्दल. हवा-हवी-हवं लिंगाप्रमाणे बदलतं, 'पाहिजे' बदलत नाही, फक्त अनेकवचनात 'पाहिजेत' होतं. पहिल्या दोन टास्कमध्ये 'पाहिजे'च द्या.

वेलांटी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुठेच मिळालं नव्हतं. दोन प्रश्न उरले. पुढच्या आठवड्यात दोन अगदी कोरे विद्यार्थी येताहेत, त्यांना मराठी आणि हिंदी दोन्ही येत नाही. त्यांना या जोड्यांत कसं बसवू? आणि शेवटी प्रगती मोजायची कशी? लेखी परीक्षा घेतली तर पुन्हा रिकाम्या जागाच होतील.

रुकार

कोऱ्या विद्यार्थ्यांना लगेच बोलायला लावू नका. टास्क फक्त ऐकून करायचाही असतो. वस्तू द्या : दोन पिशव्या, एक वाटी, चार लिंबं, एक चमचा. तुम्ही सांगायचं, त्यांनी करायचं. 'मोठ्या पिशवीत दोन लिंबं ठेवा. वाटी टेबलाखाली ठेवा. चमचा वाटीत.' शेवटी सगळं जागच्या जागी आलं की नाही, हाच निकाल. ते चुकले तर पुन्हा तेच वाक्य म्हणा, सोपं करू नका, हातवारे जोडा. अशी १५-१५ मिनिटांची चार सत्रं झाली की बाजाराच्या टास्कमध्ये त्यांना तिसरा माणूस करा. गिऱ्हाइकाबरोबर पिशवी धरून उभं राहायचं, ऐकून भाज्यांची चित्रं पिशवीत टाकायची, शेवटी मोजून सांगायचं. ते काम खोटं नाही, कारण बिलाशी पिशवी जुळली पाहिजे. विषम संख्येचा प्रश्नही यातून सुटतो.

मोजण्याबद्दल पाटीपेन्सिल सांगतील, पण रेकॉर्डिंग आजपासूनच सुरू करा, शेवटच्या तासिकेला नव्हे.

पाटीपेन्सिल

मोजायचं ते टास्कनेच. सातव्या तासिकेला प्रत्येक जोडीचा बाजाराचा टास्क फोनवर रेकॉर्ड करा, तीन मिनिटं पुरे. सोळाव्या तासिकेला त्याच बांधणीचा पण वेगळा टास्क द्या, उदाहरणार्थ किराणा दुकान किंवा कुरिअर न मिळाल्याची तक्रार, आणि तीन मिनिटं रेकॉर्ड करा. दोन्ही ऐकताना चार गोष्टी बघा. काम झालं का. तीन मिनिटांत किती वेळा दुसऱ्या भाषेत जावं लागलं. दोन शब्दांहून मोठी वाक्यं किती. आणि अडल्यावर स्वतःहून मराठीत मदत मागितली का. व्याकरणासाठी एकच गोष्ट निवडा, या वर्गापुरती भूतकाळातली कर्माशी जुळणी, आणि दहा संधींपैकी किती बरोबर ते मोजा. सगळंच मोजायला गेलात तर काहीच मोजून होत नाही.

टास्क जमला की नाही हे ठरवायला प्रभूंचा एक अंदाज धरता येतो : निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं तर टास्कची काठिण्यपातळी ठीक. सगळ्यांना सगळं जमलं तर तो सोपा झाला, पुढच्या वेळी अडसर वाढवा. तिघांनाच जमलं तर कार्डावरच्या वस्तू सहावरून चारवर आणा, अडसर तसाच ठेवा. अडसर काढून वस्तू वाढवल्या तर काम लांबतं, बोलणं वाढत नाही.

पहिल्या वेळी कार्डं छापण्याआधी घरातल्या कोणाला तरी बसवून एकदा टास्क करून बघा. बेरीज चुकलेली असते किंवा एखादी माहिती दोन्ही कार्डांवर राहून जाते, आणि ते वर्गात कळतं तेव्हा बारा मिनिटं वाया गेलेली असतात.

वेलांटी

बाजाराची कार्डं आजच करायला घेते. पहिली फेरी मंगळवारी आहे, कुठली वाक्यं फळ्यावर आली ते इथेच लिहीन.